मदत हवी आहे: पडवीत मण्यार फिरतेय आणि बाबा खाटेवर झोपायला तयार नाहीत

नमस्कार मंडळी. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

आईबाबा कुडाळ तालुक्यात गावच्या घरी असतात, मी ठाण्यात. घर जुनं, चिऱ्याचं, कौलारू. बाबा (वय ७१) बारा महिने पडवीत चटई टाकून झोपतात. गेल्या गुरुवारी पहाटे चारच्या सुमारास आई पाणी प्यायला उठली, तर बाबांच्या उशापासून हातभर अंतरावर, भिंतीच्या कडेकडेने एक जनावर (म्हणजे साप) चाललेलं. आईच्या शब्दांत, ‘घाई नाय काय नाय, आपल्याच घरात असल्यासारख्या.’ बाबा उठले, काठीने त्याला आगरात लोटलं आणि परत त्याच चटईवर आडवे झाले! आई सकाळपर्यंत खुर्चीत बसून होती.

तिने मोबाइलवर फोटो काढलाय, पण त्यात निम्मी चटई आणि शेपटीचा तुकडा एवढंच आलंय. वर्णन असं: अडीच-तीन फूट, काळंनिळं, तुकतुकीत. मानेपाशी पट्टे नाहीत, मागे मागे पांढऱ्या बारीक रेघा, दोन-दोन जवळजवळ. शेजारचे काका म्हणतात कांडर, म्हणजे मण्यार. बाबा म्हणतात कवड्या, बिनविषारी.

पडवीच्या टोकाला पावसाळ्याचं जळण रचलेलं आहे, त्याच्या बाजूला भाताची कणगी, म्हणजे उंदीर आलेच. पण माझी खरी अडचण साप नाही, बाबा आहेत. खाटेचा विषय काढला की, ‘आमचो जल्म हयच गेलो, माका काय होणा नाय.’ आणि झालंच काही तर वाडीत पान उतरवणारा आहे म्हणे. (बाहेरच्यांसाठी: आमच्याकडे साप चावला म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात.) त्याने इतक्या वर्षांत शंभरेक माणसं बरी केली असं वाडीत सांगतात आणि खोटं म्हणावं तर बरी झालेली माणसं समोर चालती-फिरती आहेत. यावर काय बोलणार?

एक गोष्ट मनातून जात नाही. मी शाळेत असताना वाडीतली एक मुलगी पहाटे पोटात दुखतंय म्हणून रडत उठली. ओवा दिला, पोटाला हिंग लावला. उजाडेपर्यंत तिच्या पापण्या उघडेनात. अंगावर कुठे खूण नव्हती, म्हणून बाहेरचं काहीतरी म्हणून अंगारा लावत बसले. दुपारपर्यंत ती गेली. आता वाचल्यावर वाटतंय, ती मण्यारच होती का?

तर जनावर कोणतं असावं, चावल्यास नक्की काय करायचं, आणि बाबांना कसं पटवायचं, तिन्हीवर सांगा. तिसऱ्यावर जास्त.

रानवाट

वीसेक वर्षं साप सोडवतोय. फोटोवरून छातीठोक सांगणार नाही, पण वर्णन मण्यारीचंच आहे. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचं उलट. शिवाय कवड्या भिंतीवर सरसर चढतो, मण्यार शक्यतो जमीन सोडत नाही. मात्र हा धडा बाबांना शिकवू नका. रात्री चार वाजता बॅटरीच्या उजेडात पट्टे मोजत बसतील. घरात पट्ट्यांचा साप दिसला की मण्यारच समजायची.

तिची गंमत अशी की दिवसा हात लावला तरी वेटोळं करून डोकं लपवते. लोकांना वाटतं गरीब आहे. रात्री तीच मण्यार वेगळी असते. उंदीर, पाली खाते, पण इतर साप तिला जास्त आवडतात, म्हणजे तुमच्या जळणात तिचं जेवण वावरत असणार. जळण पडवीतून हलवा आणि जमिनीपासून फूटभर उंच मांडणीवर रचा. हलवताना बूट घाला, काठीने एकेक ओंडका सरकवा. त्यात विंचू असतो, फुरसंही असू शकतं. लसूण, फिनेल, गंधक वगैरेंवर पैसे घालवू नका. आणि पुन्हा दिसली तर काठी नको, जवळचा सर्पमित्र किंवा वनखातं.

डॉक्टरीणबाई

ग्रामीण रुग्णालयात काम केलंय म्हणून लिहिते. त्या मुलीबद्दल आता कुणीच खात्रीने सांगू शकणार नाही, पण चित्र मण्यारीचंच आहे. तिचे दात इतके बारीक असतात की खूण दिसत नाही, सूज नाही, दुखत नाही, झोपलेला माणूस उठतही नाही. मग पहाटे पोटदुखी, उलटी, पापण्या जड, थुंकी गिळता येत नाही, आवाज नाकातून. शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. म्हणून पावसाळ्यात जमिनीवर झोपलेलं माणूस असं उठलं, तर खूण शोधत बसू नका, १०८ ला फोन करा.

वाटेत: दोरी आवळायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. हात किंवा पाय मोडल्यावर बांधतो तशी फळी लावून तो भाग हलू द्यायचा नाही. चालवायचं नाही. उलटी होत असेल तर कुशीवर. साप मारून आणायची अजिबात गरज नाही. आपल्याकडचं सापाच्या विषावरचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच आहे, आणि उपचार लक्षणं बघून ठरतात. सरकारी दवाखान्यात ते मोफत मिळतं. लहान मुलालाही डोस मोठ्या माणसाइतकाच लागतो, कारण सापाने विष माणसाचं वजन बघून सोडलेलं नसतं. नातेवाईक इथे हमखास हुज्जत घालतात.

एक काम आजच करा. आईला जवळच्या सरकारी रुग्णालयात फोन करायला सांगा: सापाच्या विषावरचं इंजेक्शन आहे का, रात्री डॉक्टर असतात का, व्हेंटिलेटर कुठे आहे? मण्यारीच्या दंशात श्वास काही दिवस मशीनवर चालवावा लागू शकतो. पहिलं इंजेक्शन जवळ मिळत असेल तर तिथे सुरू करून मग ओरोसच्या किंवा गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात हलवतात. तेवढ्यासाठी थेट लांब पळू नका.

खाडीपलीकडे

मी महाडचा, तेव्हा तिसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो. आमच्याकडे लाल विंचवाने माणसं मरायची, पोरं तर जास्तच. घाम, गार पडलेले हातपाय, मग फुफ्फुसात पाणी. लोक विंचू उतरवणाऱ्याकडेच जायचे. डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी गोळी वापरून ती माणसं वाचवली. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली ती नंतरची गोष्ट. आमची आजी काही भाषणाने बदलली नाही, शेजारचं पोर दवाखान्यातून चालत घरी आलेलं बघून बदलली.

तुमच्या पान उतरवणाऱ्याचं गणित बाबांसमोर मांडा. वाडीत चावणारे बरेचसे साप धामण, दिवड, कवड्या, म्हणजे बिनविषारीच. विषारी सापही कधी कधी चावतो, पण विष सोडत नाही. ही सगळी माणसं झाडपाल्याने काय, चहा पिऊनही बरी झाली असती. त्या शंभरात कांडर लागलेले किती, एवढंच विचारा. वाद घालू नका, विचारून गप्प बसा. आणि खाटेचं आईच्या नावावर ढकला. आमच्या वयाची माणसं स्वतःच्या जिवासाठी एक पाऊल हलत नाहीत.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. फोनवर बाबांना तेवढंच विचारलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्या मुलीचं नाव त्यांनीच काढलं, मी काढलं नव्हतं. म्हणाले, तिलाही त्याच्याकडेच नेली होती. मला हे माहीत नव्हतं.

शनिवारी गेलो. जळण अर्धं हलवलं, विंचू दोन निघाले, फुरसं नाही. रुग्णालयाचा नंबर आईने कॅलेंडरवर खडूने लिहिलाय. मच्छरदाणी आणली आहे, कडा गादीखाली खोचून बाबा दोन रात्री झोपले, पण जमिनीवरच. माळ्यावरची शिसवी खाट खाली काढली तर पडवीच्या दारातून आत जाईना. पाय कापायला सुतार सोमवारी येतोय. आता विचारायचं असं, किती कापू? बाबा म्हणतात चार बोटं उंची राहिली तरी पुरे. आई म्हणते गुडघ्याएवढी हवी. रानवाट, तुम्ही काय सांगाल?