काटकसर नक्की कोणाच्या खिशातून?

धागाकर्ता: माणूस काटकसर करणाऱ्या कंपनीतच घडतो, असे माझे ठाम मत आहे. सीप्झजवळच्या आमच्या कारखान्यात दोन जागा रिकाम्याच ठेवल्या होत्या, म्हणून खरेदी, भांडार आणि हिशेब ही तिन्ही कामे मी दोन वर्षांत शिकलो. अशा ठिकाणी जे टिकत नाहीत, त्यांना कष्टच नको असतात.

बदलापूरकर: शेवटचे वाक्य वाचून गप्प बसवले नाही. माझ्याकडेही दोघांचे काम आले, पगार मात्र एकाचाच राहिला. रात्रीच्या लोकलने घरी पोहोचेपर्यंत मुलगी झोपलेली असे, असे दीड वर्ष काढल्यावर मी राजीनामा दिला. याला कष्ट टाळणे म्हणतात का? त्यात सेवा चार वर्षे चार महिने भरल्यामुळे ग्रॅच्युइटीही, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांप्रमाणे मिळणारी एकरकमी रक्कमही गेली, जी दरवर्षी माझ्या सीटीसीत (कंपनी दाखवते त्या एकूण वार्षिक पगारात) धरलेली होती.

हिशेबनीस, ठाणे: गेली कशी म्हणता? पाच वर्षांच्या सलग सेवेची अट १९७२ च्या कायद्यापासून आहे. सही करण्यापूर्वी वाचायला हवे होते.

बदलापूरकर: अट मला ठाऊक होती, उपदेश नको. वर्षाला पंधरा दिवसांचे वेतन, तेही २६ दिवसांचा महिना धरून, म्हणजे मूळ वेतनाच्या सुमारे ४.८१ टक्के. जी रक्कम मिळेलच याची खात्री नाही, ती वार्षिक पगाराच्या आकड्यात मिळवून मला का दाखवली, एवढेच सांगा.

हिशेबनीस, ठाणे: तसे दाखवणे मलाही पटत नाही, हे मान्य करतो. पण ती खोड उधळ्या कंपन्यांनाही आहे. तिचा दोष काटकसरीवर टाकू नका.

परळकर: माझे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि त्यांची गिरणी पुन्हा उघडलीच नाही. त्यामुळे २०२० साली आमच्या कंपनीने सर्वांचे पगार कापले, पण एकालाही काढले नाही, तेव्हा मला राग आला नाही. दार उघडे राहणे ही लहान गोष्ट नाही.

बदलापूरकर: तुमच्याकडे कपात साहेबांपासून शिपायापर्यंत सर्वांनी सोसली. आमच्याकडे ती फक्त खालच्या टेबलांवर आली. हा फरक कृपया पुसू नका.

धागाकर्ता: कष्टांविषयीचे वाक्य मागे घेतो. शिकण्याविषयीचे मात्र घेणार नाही, कारण आजची माझी नोकरी त्याच दोन वर्षांमुळे आहे.

बदलापूरकर: त्या दोन जागा पुढे भरल्या का?

धागाकर्ता: नाही. मी सोडल्यावर माझीही भरली नाही.