अडचणीच्या जागी वॉशर आणि नट कसे बसवता?

नवीनपंख
किटवरून दोन आसनी विमान बांधतो आहे. पंखांचं काम बरंच उरकलं, आता एलेरॉनच्या (पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी) पुशरॉडची, म्हणजे ती हलवणाऱ्या दांड्याची, जोडणी चालू आहे. ब्रॅकेटचे दोन कान, त्यांच्या मधोमध रॉड एंड (दांड्याच्या टोकाचं, आत फिरता बॉल असलेलं बेअरिंग), आणि रॉड एंडच्या दोन्ही बाजूंना एकेक पातळ वॉशर. बोल्ट एएन३ (विमानाच्या बोल्टचं एक प्रमाणित माप). तपासणीच्या झरोक्यातून एकच हात आत जातो, आणि हात गेला की आतलं काही दिसत नाही. एक वॉशर जागेवर येईपर्यंत दुसरा घरंगळतो. शिवाय मागच्या स्पारजवळ (पंखाच्या लांबीभर जाणारी तुळई) एक नट अगदी कोपऱ्यात आहे, बोटांत धरून आट्यावर चढवताच येत नाही. वॉशर गाळायचा नाही, आराखड्यात आहे तसंच करायचं आहे. तुम्ही काय करता?

रिपिटवाला
खरा बोल्ट आधी घालूच नका. त्याच जाडीची, म्हणजे ३/१६ इंचाची, किंचित सैल बसणारी एक पिन घ्या आणि तिचं टोक कानशीने निमुळतं करा. ही पिन एका कानातून, वॉशरमधून, रॉड एंडमधून, दुसऱ्या वॉशरमधून असं करत पलीकडच्या कानापर्यंत न्या. निमुळतं टोक तिरकी बसलेली भोकं आपोआप रांगेत आणतं. मग खऱ्या बोल्टचं टोक पिनच्या बुडाला टेकवून हळूहळू ढकला. बोल्ट आत, पिन बाहेर. मध्ये फट पडू दिली नाही तर वॉशरला निसटायला जागाच राहत नाही. ब्रॅकेटच्या कामात मला यापेक्षा खात्रीची युक्ती माहीत नाही.

वॉशर आत न्यायला पातळ पत्र्याची पट्टी कापा, टोकाला नालेच्या आकाराची खाच. पट्टी वॉशरपेक्षा पातळ हवी. एएन९६०-१०एल हा पातळ वॉशर जेमतेम ०.८ मिलिमीटरचा असतो, त्यामुळे पत्रा निवडतानाच मोजा. पिन वॉशरमधून गेली की पट्टी मागे ओढून घ्यायची.

हँगरमधला
पिनला +१. मी सोबत सुपर ग्लूचा अगदी बारीक थेंब वापरतो आणि वॉशर आधीच कानाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवतो. नटाखालचा वॉशरही नटालाच चिकटवता येतो.

रिपिटवाला
कानाला चिकटवणं ठीक. पण रॉड एंडच्या जवळ तो थेंब नकोच! पातळ गोंद फटीत ओढला जातो. बॉलच्या कडेने आत शिरला तर बेअरिंग गेलं. आट्यांवरही नको. आणि कॅनॉपीच्या आसपास ही बाटली उघडूही नका, अॅक्रिलिकला त्याने बारीक तडे जाऊ शकतात. चिकटपणा हवा असेल तर वॉशरला घट्ट ग्रीसचं बोट लावा, तेवढं पुरतं.

काहीजण दुहेरी चिकटपट्टी लावून ती तशीच आत ठेवतात. ते मला अजिबात मान्य नाही. आवळल्या जाणाऱ्या थरांत दबणारी वस्तू राहिली की ती पुढे बसत जाते आणि बोल्टचा ताण उतरतो.

दोरीचंटोक
वॉशरच्या भोकातून दात साफ करायचा मेणाचा दोरा ओवा, गाठ मारू नका, दोन्ही टोकं बाहेर ठेवा. वॉशर पडला तरी ओढून परत येतो. पिनने वॉशर पकडला की एक टोक सोडून दोरा काढून घ्या.

हँगरमधला
कोपऱ्यातल्या नटासाठी: रिंग पान्याच्या मागच्या बाजूला चिकटपट्टीचा तुकडा लावा, म्हणजे नट पान्यातून आरपार पडत नाही. पाना नटासकट बोल्टच्या टोकावर टेकवा आणि डोक्याकडून बोल्ट फिरवून आटे पकडू द्या. शेवटचा टॉर्क (आवळण्याचा ठरलेला जोर) मात्र जमेल तिथे नटावरच द्या. एएन३ ला नेहमीच्या नटावर २० ते २५ इंच-पाउंड, त्यात सेल्फ-लॉकिंग (आपसूक ढिला न होणारा) नट मोकळा फिरवताना लागणारा जोर मिळवायचा. डोक्याकडूनच आवळावं लागलं तर बोल्टच्या दांड्याचं घर्षण टॉर्क पान्याने मोजून तेही मिळवा. क्रोफूट (टॉर्क पान्याला पुढे जोडायचं उघड्या तोंडाचं टोक) लावलात तर पान्याशी काटकोनात धरा, म्हणजे आकडा बदलत नाही.

शेपटीकडून
काम सुरू करण्याआधी नट-वॉशर मोजून वाटीत घ्या आणि संपल्यावर पुन्हा मोजा. पोलादी असेल तर चुंबकाच्या कांडीने निघतो, अॅल्युमिनियमचा वॉशर निघत नाही. त्याला व्हॅक्युमच्या नळीच्या तोंडावर जाळीचं कापड बांधा. होकायंत्राजवळ मात्र चुंबक नेऊ नका. हरवलेला नट सापडल्याशिवाय कातडी (पंखाचा बाहेरचा पत्रा) बंद करू नका. उडताना तो बेलक्रँकच्या (पुशरॉडच्या हालचालीची दिशा बदलणारा भाग) वाटेत सरकला तर कंट्रोल अडकतो.

नवीनपंख
सगळ्यांचे मनापासून आभार. पिन आणि ग्रीस, असंच करतो. एक शंका: इतक्या आत आवळून झाल्यावर पुढच्या तपासणीत नट हलला का, हे कसं ओळखायचं?

शेपटीकडून
नटावरून बोल्टच्या टोकावर आणि खाली ब्रॅकेटवर टॉर्क सीलची (सुकून ठिसूळ होणारा खुणेचा रंग) सलग रेघ ओढा; रेघ तुटलेली दिसली की नट हलला. त्याआधी झरोक्यातून आरसा धरून बघा आणि जी बाजू आरशात दिसते तिकडेच ओढा. त्याच वेळी नटाबाहेर बोल्टचा निदान एक पूर्ण आटा दिसतोय ना, तेही पाहून घ्या.