बाळाला थंड गादीवर ठेवलंय, हे बरोबर आहे ना?

सिंहगडरोडची_मावशी
बहिणीचं बाळ काल पहाटे झालं. वार आधीच सुटली होती, बाळ रडलंच नाही. पिशवीने श्वास दिला, मग व्हेंटिलेटर, वर फिट. आता एनआयसीयूत नुसत्या डायपरवर, गार पाण्याच्या गादीवर आहे. 72 तास म्हणतात. आईने नेलेलं टोपडं नि दुपटं सिस्टरने परत केलं, तेव्हापासून आई माझ्याशी बोलत नाही, जणू मीच सांगितलं! मॉनिटरवर ठोके 95. त्यात भाऊजींना व्हॉट्सअॅपवर आलंय की भारतात या कूलिंगने जास्त बाळं दगावतात. खरं का?

निवृत्त_सिस्टर_येरवडा
ताई, आईंना सांगा, त्या सिस्टरचं बरोबर आहे. बाळाचं अंग मुद्दाम 33 ते 34 अंशांवर ठेवतात. शीच्या जागेतून बारीक प्रोब घातलेला असतो, तो बघून मशीन पाणी कमीजास्त गार करतं. टोपडं घातलं की नेमकं डोकंच गरम व्हायचं! मेंदूचा प्राणवायू तुटला की काही पेशी तिथेच जातात. बाकीच्या सावरल्यासारख्या दिसतात आणि काही तासांनी परत ढासळतात. हे दुसरं ढासळणं अडवायचं, म्हणून जन्मानंतर 6 तासांच्या आत सुरू करतात. गेलेल्या पेशी मात्र येत नाहीत. थंडीने ठोके मंदावतातच, अशा बाळाचे 95 बघून आम्ही धावायचो नाही. नंतरची ऊबही सावकाश, तासाला फार तर अर्धा अंश. तेव्हा फिट येऊ शकते, म्हणून सिस्टर जवळच असतात. बहिणीला दूध काढत राहायला सांगा, आटू देऊ नका.

बालरोग_रेसिडेंट
फॉरवर्ड हवेतला नाही. हेलिक्स चाचणी, 2021. भारत, श्रीलंका, बांगलादेश मिळून 408 बाळं. थंड केलेल्यांत 42 टक्के दगावली, न केलेल्यांत 31. श्रीमंत देशांत मात्र याच उपचाराने बाळं वाचलीत. फरक का, यावर आमच्यातच वाद चालतात. भाऊजींनी डॉक्टरांना थेट विचारावं: मेंदूच्या इजेची स्टेज कोणती, नाळेच्या रक्ताचा पीएच (आम्लता) किती, ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी) लावलाय का. पण ‘गादी आत्ताच काढा’ म्हणून हट्ट धरू नका, घाईने गरम करणंही घातक.

हडपसरची_आई
माझी लेक याच गादीवर होती. आता बालवाडीत जाते, बोलून डोकं खाते. डावी मूठ मात्र उशिरा उघडली, फिजिओथेरपी अजून चालू आहे. एमआरआय चांगला आला तरी फॉलोअप चुकवू नका. आमच्याकडे सगळे ‘होईल नीट, मुलं उशिराच करतात’ म्हणत बसले होते. आणि डिस्चार्जच्या कागदावर अॅपगार (जन्मल्यावर लगेच बाळाला देतात ते गुण), नाळेच्या रक्ताचा रिपोर्ट, कूलिंग कधी सुरू केलं ती वेळ, सगळं लिहून घ्या. प्रत्येक नवा डॉक्टर तेच विचारतो, आणि लिहिलेलं नसलं की बहिणीलाच दरवेळी सगळं परत सांगावं लागतं.