मदत हवी आहे: इंदुरात देवाविना लग्न, पण मांडवात

नमस्कार मंडळी. आम्ही दोघंही नास्तिक, दोघंही इंदूरचे. लग्न १९५४च्या विशेष विवाह कायद्यानेच करायचंय. नोटीस, ३० दिवसांची मुदत, तीन साक्षीदार हे ठाऊक आहे. आर्य समाज सुचवू नका, तिथे होम आहेच.

घरून विरोध नाही. आईचं म्हणणं एवढंच, की सह्या करून चहा पिऊन आलात तर त्याला लग्न कोण म्हणेल? मला ते पटतं. देव मानत नसलो तरी माणसं एका मांडवाखाली आणायचं काम धर्मानेच केलंय. (गणपतीत टाळ कुटायला मीच पुढे असतो.) अंतरपाट, अक्षता चालतील, मंत्र नकोत. सत्यशोधक पद्धतीचाही विचार केला, पण फुल्यांचा निर्मिक म्हणजे पुन्हा कर्ता-करविता आलाच.

कलम १२ प्रमाणे जादा फी भरून कार्यालयाबाहेरही लग्न लागू शकतं. ओळखीच्या वकिलांनी मात्र असं कधी केलेलं नाही. इंदुरात कुणी विवाह अधिकाऱ्यांना हॉलवर बोलावलंय का? त्यासाठीचा अर्ज नोटिशीबरोबरच द्यायचा की मुदत संपल्यावर? आणि मंगलाष्टकांच्या जागी तुम्ही काय म्हटलंत?