विंडोचा सामायिक आराखडा: बेस फॉर्म की टेम्पलेट?

सियागंजचा प्रोग्रामर
इंदूरच्या सियागंज बाजारातील ठोक व्यापाऱ्यांसाठी आम्ही जे हिशेबाचे सॉफ्टवेअर चालवतो, त्यात बिल, साठा, खातेवही आणि उधारी या सर्व विंडोंना वर टूलबार, खाली स्टेटस बार आणि त्यालगत जतन व रद्द ही बटणे लागतात. हे सारे विंडोज फॉर्म्स या मायक्रोसॉफ्टच्या विंडो बनवण्याच्या जुन्या साधनात असून आता डब्ल्यूपीएफ या त्यांच्याच नंतरच्या साधनात नव्याने लिहायचे आहे. माझ्या मते सामायिक भाग असलेली एक मूळ विंडो, म्हणजे बेस फॉर्म, रेखाटून त्याच्या वारशाने बाकीचे फॉर्म काढण्याची पद्धत या निमित्ताने सोडून द्यावी. डब्ल्यूपीएफमध्ये झॅमल या मांडणीच्या भाषेत रेखाटलेल्या विंडोपासून दुसरी झॅमल विंडो काढताच येत नाही, कंपायलर तिथेच अडवतो. म्हणून बेस क्लास केवळ सी शार्पमध्ये लिहावा, त्याचे रूप कंट्रोल टेम्पलेटमध्ये, म्हणजे दिसण्याच्या वेगळ्या साच्यात, ठेवावे आणि मधल्या जागी कंटेंट प्रेझेंटर ही मजकुरासाठीची मोकळी जागा द्यावी, म्हणजे प्रत्येक विंडोचा स्वतःचा भाग तिथे येऊन बसेल.

पलासियाकर
मी असहमत आहे. विंडोज फॉर्म्समध्ये बेस फॉर्मची ही सोय 2002 सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे आणि बेस फॉर्मवरचे बटण हलवले, की प्रोजेक्ट पुन्हा बिल्ड केल्यावर सगळ्या फॉर्मवर ते हललेले डिझायनरमध्येच, म्हणजे विंडो रेखाटण्याच्या पडद्यावरच, दिसते. लोकांना जो त्रास होतो तो बहुधा शिस्तीच्या अभावाचा असतो. सी शार्पमध्ये बेस फॉर्मवरील कंट्रोल (बटणे, चौकोन वगैरे) मुळात प्रायव्हेट, म्हणजे काढलेल्या फॉर्मना बदलता न येणारे, असतात; ते गरजेपुरते प्रोटेक्टेड, म्हणजे त्यांच्यासाठी खुले, करावे लागतात. बेस क्लास ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे थेट निर्माण न करता येणारा, ठेवला, तर त्यापासून काढलेला फॉर्म डिझायनरमध्ये उघडत नाही. आणि डेटाबेसची जोडणी बेस फॉर्मच्या लोड इव्हेंटमध्ये (फॉर्म उघडताना चालणाऱ्या कोडमध्ये) कधीही लिहू नये, कारण डिझायनर बेस फॉर्म खरोखर निर्माण करून तो कोड चालवतो. आधी एवढे पाळून पाहावे, मग नव्याने लिहिण्याचा खर्च काढावा.

तिसरा पक्ष
आपण दोघेही संपूर्ण विंडोलाच पुनर्वापराचे एकक मानता, वाद तिथेच आहे. उद्या उधारीच्या विंडोला स्टेटस बार नको असेल, परवा खातेवहीला रद्द बटण नको असेल, आणि बेस क्लासमध्ये 'टूलबार दाखवा', 'बटणे लपवा' अशा बुलियन (हो-नाही) प्रॉपर्टींची जत्रा भरेल. (प्रत्येक वेळी ती प्रॉपर्टी 'फक्त एकच' असते.) टूलबार आणि बटणपट्टी हे वेगवेगळे यूजर कंट्रोल, म्हणजे हवे तिथे वापरता येणारे सुटे तुकडे, करावेत आणि ज्या विंडोला जे हवे ते तिने घ्यावे.

सियागंजचा प्रोग्रामर
सुट्या तुकड्यांसाठी हे मला मान्य आहे. परंतु झॅमलमध्ये लिहिलेला यूजर कंट्रोल विंडोभोवतीची चौकट म्हणून वापरला आणि त्याच्या आत ठेवलेल्या एखाद्या टेक्स्टबॉक्सला नाव दिले, की ते नाव दुसऱ्या स्कोपमध्ये (नावांच्या कक्षेत) असल्याचे सांगून कंपायलर नकार देतो. चौकटीसाठी टेम्पलेटच हवे. शिवाय आमची लेबले हिंदीत आहेत आणि जुन्या फॉर्मवर उंची पिक्सेलमध्ये ठरवून दिल्यामुळे काही ठिकाणी मात्रा कापल्या जातात. ग्रिडच्या ओळींना ऑटो उंची दिली की हा प्रश्न उरत नाही.

पलासियाकर
टेम्पलेटही तितके निर्धोक नाही. विंडोसाठी लिहिलेली किल्लीविना (वेगळे नाव न दिलेली) स्टाइल तिच्यापासून काढलेल्या क्लासला आपोआप लागू होत नाही. त्याहून वाईट म्हणजे टेम्पलेटमध्ये ॲडॉर्नर डेकोरेटर (कंट्रोलवर खुणा काढण्यासाठीचा थर) राहून गेला, तर पडताळणीची लाल चौकट उमटतच नाही आणि कोणतीही त्रुटीही दिसत नाही. 15 अक्षरांचा जीएसटी क्रमांक 14 अक्षरांचा भरला गेला, तर व्यापाऱ्याला ते कळणार कसे?

सियागंजचा प्रोग्रामर
स्टाइलच्या पहिल्या आक्षेपावर उपाय सोपा आहे: बेस क्लासच्या स्टॅटिक कन्स्ट्रक्टरमध्ये (क्लास पहिल्यांदा वापरताना एकदाच चालणाऱ्या कोडमध्ये) डिफॉल्ट स्टाइल की, म्हणजे कोणती स्टाइल आपोआप लागावी हे ठरवणारी किल्ली, बदलावी. दुसरा आक्षेप रास्त आहे, डेकोरेटर टेम्पलेटमध्ये आठवणीने घालावाच लागतो. तरीही ही काळजी एका फाइलमध्ये एकदाच घ्यायची असते, तर बेस फॉर्ममधली शिस्त संघातील प्रत्येकाला रोज पाळावी लागते.

तिसरा पक्ष
मग सगळे एकदम लिहू नये. उधारीची विंडो तेवढी डब्ल्यूपीएफमध्ये करून सध्याच्या प्रोग्राममधून उघडावी; मात्र ती मोडल (बंद करेपर्यंत बाकीच्या विंडो अडवणारी) नसेल, तर विंडोज फॉर्म्स आणि डब्ल्यूपीएफ यांना जोडणाऱ्या एलिमेंट होस्टची कीबोर्ड इंटरऑप सोय चालू करावी, नाहीतर टेक्स्टबॉक्समध्ये टंकलेखन नीट होणार नाही.