मदत हवी आहे: वेठबिगारीतून सुटलेल्या मुलाचा मुक्ती दाखला कुठल्या जिल्ह्यातून मिळतो?

इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुलं मेंढ्या राखायला दिल्याची प्रकरणं 2022 मध्ये उघडकीस आली, तसंच हे आहे. नाशिक जिल्ह्यातल्या एका वाडीतला 11 वर्षांचा मुलगा; बापाने 3000 रुपये उचल घेतली, पोरगं अहिल्यानगरकडच्या मेंढपाळाच्या वाड्यावर गेलं. आता घरी आहे. तळपायात काटे रुतून पिकलेत, उपचार चालू आहेत.

1098 ला (मुलांसाठीची हेल्पलाइन) कळवलं, बालकल्याण समितीपुढे हजर केलं, जबाब झाला, गुन्हाही दाखल आहे. अडलंय ते दाखल्यावर. दाखल्याशिवाय तातडीची 30,000 पर्यंतची मदत सुटत नाही. इथल्या कार्यालयात म्हणतात, काम तिकडे झालं, तिकडे जा. तिकडचे म्हणतात, उचल घेतल्याचा कागद आणा. कागद कुठून असणार? सगळा व्यवहार तोंडी. शिवाय 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या कलम 15 नुसार पुराव्याची जबाबदारी सावकारावर, म्हणजे उचल देणाऱ्यावर आहे, मुलावर नाही.

कुटुंबाकडे जातीचा दाखला नाही, आधार फक्त आईचं. वकील परवडणार नाही, आणि भट्टीचा हंगाम लागला की सगळे स्थलांतर करतील.

अशा दोन जिल्ह्यांच्या प्रकरणात कुणी दाखला मिळवलाय का? कुठल्या प्रांताधिकाऱ्याकडून, आणि अर्जासोबत काय जोडलं होतं?