४८ घरांची इमारत, ४० किलोवॅट सोलर: बॅटरी १०० युनिटची घ्यावी का?

गच्ची४८:
नमस्कार मंडळी. इमारतीत ४८ घरं आहेत आणि गच्चीवर बिनसावलीची साधारण ४०० चौरस मीटर जागा आहे. ४० किलोवॅटचे पॅनल लावून वीज सगळ्या घरांत हिश्श्याने वाटायची, असं ठरत आलंय. पुरवठादार सोबत १०० युनिटची लिथियम बॅटरी घ्या म्हणतो. वीज आठवड्याला एकदा जाते, बहुतेक संध्याकाळी, फार तर ४ तास. त्या वेळी ५.५ किलोवॅटची लिफ्ट, ५ एचपीचा पंप आणि जिन्याचे दिवे, गेट, कॅमेरे मिळून ०.८ किलोवॅट चालायला हवं. एवढी मोठी बॅटरी खरंच लागते का? आणि तिचे पैसे वसूल होतात का?

भारमापक:
बॅटरीचा आकार पॅनलवरून काढायचा नसतो. वीज गेल्यावर नेमकं काय चालायला हवं, त्यावरून काढायचा.

दिवे-कॅमेरे: ०.८ × ४ = ३.२ युनिट. लिफ्ट सतत फिरत नाही. तासाला १५ मिनिटं धरली तरी ४ तासांत १ तास, म्हणजे ५.५ युनिट, तेही वरच्या बाजूने. पंप दुपारी उन्हावर चालवून टाकी भरून ठेवा. ५ एचपीची मोटर साधारण ४.६ किलोवॅट ओढते, अडीनडीला अर्धा तास धरला तर २.३ युनिट. बेरीज ११.

आता ११ ला तीन गोष्टींनी भागा. बॅटरी ८० टक्केच वापरायची (०.८), इन्व्हर्टरमध्ये थोडी वीज जाते (०.९२), आणि आयुष्याच्या शेवटी क्षमता ८० टक्क्यांवर आलेली असते (०.८). उत्तर १८.७. म्हणजे २० युनिटची बॅटरी पुरते. १०० ची गरज नाही.

पंपाकडे मात्र नीट बघा. थेट स्टार्टरवर ५ एचपीची मोटर सुरू होताना नेहमीच्या सहापट करंट ओढते आणि इन्व्हर्टर तिथेच ट्रिप होतो. पंपाला व्हीएफडी (मोटर हळूहळू वेगात आणणारं यंत्र) लावा. मग १५ किलोवॅटच्या थ्री-फेज इन्व्हर्टरवर भागतं. बॅटरी ५१.२ व्होल्टची घेतली तर लिफ्ट आणि पंप एकत्र चालताना २२० अँपिअरच्या आसपास जातात. तेवढ्या जाड केबल आणि त्यांच्या टोकांचे तेवढे जोड (लग) सांभाळण्यापेक्षा ४०० व्होल्टच्या आसपासची बॅटरी घ्या, तिथे हेच काम २९ अँपिअरमध्ये होतं.

हिशेबी:
वसुलीचं बोलायचं तर पॅनल आणि बॅटरी यांचा हिशेब वेगवेगळा मांडा. चांगल्या उन्हाच्या प्रदेशात १ किलोवॅटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट धरतात, म्हणजे ४० किलोवॅटला १६०. पैसे वाचतात ते इथे.

बॅटरी एकही युनिट तयार करत नाही, उलट साठवून परत देताना दहा-बारा टक्के खाते. दुपारी ग्रीडला (वीज कंपनीच्या लाइनला) दिलेलं युनिट बिलात जसंच्या तसं वजा होत असेल, तर रोज बॅटरी फिरवणं शुद्ध तोटा आहे. दुपारचा आणि संध्याकाळचा दर वेगळा असेल तरच तिचं गणित जमू शकतं.

फक्त बॅकअपला ठेवली तर वर्षाला ६० वेळा, ११ युनिट, १२ वर्षं: ७,९२० युनिट. बॅटरीची किंमत या आकड्याने भागून पाहा, युनिट फार महाग पडतं. वीज क्वचित जाते त्या महिन्यांत राखीव थोडं कमी ठेवून दिवसाला सरासरी ७ युनिट, वर्षाचे ३०० दिवस फिरवले, तर १२ वर्षांत २५,२०० युनिटची भर पडते. या भागाकारातून आलेली किंमत दरांतल्या फरकापेक्षा कमी आली तरच फिरवा. नाहीतर बॅटरीला विमा समजा, आणि सभेत तसं स्पष्ट सांगा. तिच्यातून नफा दाखवणारा तक्ता कोणी आणला तर त्यात किती सायकल (भरण्या-रिकामं होण्याचे फेरे) धरल्या आहेत ते आधी विचारा.

इन्व्हर्टर दहा-बारा वर्षांत बदलावा लागतो. त्यासाठीचा निधी पहिल्या महिन्यापासून वेगळा काढा.

न्यूट्रल:
दोन चुका फार होतात.

पहिली: सगळे ४० किलोवॅट साध्या ग्रीड-टाय इन्व्हर्टरवर टाकतात. ग्रीड गेलं की तो बंद पडणारच. लाइनवर काम करणाऱ्याचा जीव त्यावर अवलंबून असतो, ते बरोबरच आहे. पण मग भर दुपारीही वीज गेली तर पॅनल नुसते तापत बसतात. म्हणून विभागणी करा: २८ किलोवॅट साध्या इन्व्हर्टरवर, १२ किलोवॅट बॅटरीच्या हायब्रिड इन्व्हर्टरवर (ग्रीड नसतानाही पॅनल आणि बॅटरीवर चालणारा). चार्जिंगची मर्यादा १० किलोवॅट ठेवा, म्हणजे २० युनिटच्या बॅटरीवर ताण येत नाही.

दुसरी चूक धोकादायक आहे. लिफ्ट, पंप आणि जिन्याचे दिवे यांचा स्वतंत्र बोर्ड करा आणि चेंजओव्हर (ग्रीडवरून बॅटरीवर बदलणारा स्विच) चार पोलचा, म्हणजे तिन्ही फेजसोबत न्यूट्रलही तोडणारा, घ्या. ग्रीडपासून सुटल्यावर न्यूट्रल आणि अर्थ इन्व्हर्टरच्या बाजूला जोडले गेले पाहिजेत. न्यूट्रल मध्येच तुटला तर २३० च्या दिव्यांवर ४०० च्या जवळपास व्होल्टेज येऊ शकतं. काम ताब्यात घेताना मेन पाडून प्रत्येक फेजचं व्होल्टेज मीटरने मोजायला लावा.

बॅटरी जिन्याखाली ठेवू नका, आग लागली तर सुटकेची वाट तीच असते. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीतही नको. २५ अंशांवर टिकते तेवढी ती ३५ अंशांवर टिकत नाही. आणि दोन आठवड्यांतून एकदा पूर्ण १०० टक्के चार्ज होऊ द्या. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं, त्यामुळे बीएमएसचा (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटचा) चार्ज किती उरला याचा अंदाज हळूहळू चुकत जातो: पडद्यावर ४० टक्के दिसत असतात आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबते.

गच्ची४८:
आभार, बरंच स्पष्ट झालं. आणखी एक: दोन घरांत रुग्णांना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो. तो या बॅटरीवर घेता येईल का?

भारमापक:
घ्याच. ५ लिटरचं यंत्र साधारण ३५० वॅट घेतं. दोन यंत्रं ४ तास म्हणजे २.८ युनिट. बेरीज १३.८, भागाकार २३.४, बॅटरी २५ युनिटची करा. दोन्ही घरांना त्या बोर्डावरून प्रत्येकी एक स्वतंत्र सॉकेट द्या, ६ अँपिअरच्या एमसीबीवर आणि सबमीटरसह. घरातलं दुसरं काही त्यावर जोडायचं नाही, हे लेखी ठरवा. चार्ज ४० टक्क्यांवर आला की लिफ्ट बॅटरीवरून आपोआप सुटेल अशी सेटिंग करा, म्हणजे उरलेली वीज यंत्रांसाठी राहते. लिफ्ट मात्र जवळच्या मजल्यावर येऊन दार उघडून मगच थांबेल, हे लिफ्टवाल्याकडून करून घ्या. आणि दोन्ही घरांत भरलेला सिलिंडर हाताशी ठेवायला सांगा. इन्व्हर्टरच बिघडला तर बॅटरी कितीही भरलेली असून उपयोग नाही.